बारावं बटण

सलामीला खरं नाव होतं, पण हजेरीच्या वहीखेरीज ते गार्डच्या केबिनमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती इतक्या कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेटवर उभी राहिली होती, की खाली वाकली असती तर पुठ्ठा मोडल्यासारखा आवाज झाला असता. येईल त्याला ती सॅल्यूट ठोकत होती. ऑफिसातल्या साहेबांना, साहेबांच्या ड्रायव्हरला, कुरिअरवाल्याला, पाण्याचे जार आणणाऱ्याला. अकराच्या सुमाराला एक मांजर आत शिरलं, तेव्हाही हात निम्म्यापर्यंत गेला होता म्हणे. ते पहिलवानाने पाहिलं आणि तिथल्या तिथे तिचं नाव सलामी ठेवून टाकलं.

आता पहिलवान म्हणजे कोण, तर केबिनमधला सगळ्यात जुना गार्ड. वजन युनिफॉर्मसकट पन्नास किलो, तेसुद्धा खिशात किल्ल्यांचा जुडगा असेल तेव्हाच. मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी.

"सॅल्यूट जपून वापर, पोरी," तो तिला म्हणाला होता. "महिनाअखेरीला कमी पडतील."

तिला तेव्हा हसू आलं होतं. वर्षभरात कळलं, की म्हातारा विनोद करत नव्हता.

सात मजल्यांची इमारत. खालच्या चार मजल्यांवर ऑफिसं, वरचे तीन मजले एक कंपनी सोडून गेल्यापासून ओस. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ, बारा तास. गेटवर पूर्वी एक खुर्ची होती, ती काढून घेतली, कारण बसलेला गार्ड बरा दिसत नाही. बॅग तपासली तर ऑफिसवाले म्हणायचे, "आम्ही काय चोर आहोत का?" नाही तपासली तर तेच वर जाऊन सांगायचे, की गार्ड झोपा काढतात. रजा मागितली की बदली माणूस नसायचा. आणि तक्रारवही होती, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. सातव्या मजल्यावर पाण्याच्या टाकीची खोली होती. तिचं लोखंडी दार आपोआप लागायचं आणि कडी आतून उघडायची नाही. सलामीने हे वहीत लिहिलं. शेजारी लाल शाईत उत्तर आलं: 'नोंद घेतली.' तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा नोंद घेतली. नवव्या वेळी तिने लिहिलं, 'मी हे नवव्यांदा लिहीत आहे.' त्याचीही नोंद घेतली गेली. दहाव्यांदा तिने लिहिलं नाही.

तिथून पुढे तिच्या तोंडात एकच वाक्य बसलं. केबिनमध्ये ते आधीपासून सगळ्यांच्या तोंडी होतंच. 'आपल्याला काय.' पाइप गळतोय? आपल्याला काय. दिवा गेलाय? आपल्याला काय. चहाच्या कपासारखं ते या हातातून त्या हातात जायचं.

मग बटणांची गोष्ट घडली, आणि ती कल्पना सलामीचीच होती. हे ती पुढे स्वतःपासून कितीतरी दिवस लपवत राहिली.

इमारतीत बारा ठिकाणी भिंतीवर नाण्याएवढी लोखंडी बटणं बसवलेली होती. प्रत्येक गार्डला एक हातभर लांबीची काळी काठी दिलेली. दर दोन तासांनी राउंड मारायचा आणि काठीचं टोक एकेका बटणाला टेकवायचं. टिक असा आवाज व्हायचा, हिरवा दिवा लागायचा, आणि कुठलं बटण किती वाजता टेकलं ते काठीच्या पोटात जमा व्हायचं. पहिलं बटण केबिनच्या बाहेर, बारावं थेट सातव्या मजल्यावर, त्या टाकीच्या खोलीच्या दाराला लागून. दर सोमवारी सुपरवायझरसाहेब काठ्या कॉम्प्युटरला लावून आठवड्याचा कागद छापायचे, भोकं पाडायचे आणि फाइलला लावायचे. वाचायचे मात्र नाहीत. सलामीने एकदा मुद्दाम तीन राउंड बुडवून पाहिले. कुणी विचारलं नाही.

"वाचत कुणी नाही, तर चढायचं कशाला?" असं म्हणून तिने एका दुपारी स्क्रूड्रायव्हर घेतला, बाराच्या बारा बटणं भिंतींवरून काढली आणि एका फळीवर ओळीने बसवली. फळी केबिनमधल्या कपाटाच्या दाराला आतून लावली. आता खुर्चीत बसल्या बसल्या टिक टिक टिक, अर्ध्या मिनिटात सात मजले. दोन्ही पाळ्यांचे गार्ड खूश. सलामीला त्या आठवड्यात चार जणांनी चहा पाजला.

फक्त पहिलवान ऐकेना. "तुम्ही करा गं," तो म्हणाला, "मला बसवत नाही." आणि तो आपला काठी घेऊन जिने चढायचा.

"काका, वर बटणच नाही, तर काठी कशाला नेता?"

"हात मोकळा राहिला की गुडघा आठवतो."

त्याची चाल तिला पाठ होती. नोकरीचे पहिले सहा महिने ती त्याच्यासोबतच राउंडला जायची. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधल्या वळणावर तो पायरीवर बसायचा, गुडघा चोळायचा आणि शेजारच्या खिडकीतून पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं मोजायचा. तिथे त्याला नऊ मिनिटं लागायची. दहा नाही, आठ नाही, मोजून नऊ.

*

तो रविवार होता. रविवारी ऑफिसं बंद, लिफ्ट बंद, गेटवर दोघंच. आणि रविवारचा केबिनचा एक अलिखित नियम होता: दोघांतल्या एकाने चार वाजता गुपचूप घरी जायचं आणि दुसऱ्याने हजेरीच्या वहीत त्याची निघायची सही ठोकायची. आळीपाळीने. वेळ चार अशीच लिहायची, वहीसुद्धा कुठे कुणी वाचत होतं? सगळेच करायचे, पहिलवान सोडून. पण त्या सकाळी तोच म्हणाला, "आज गुडघा फार बोलतोय. बघू, जमलं तर निघेन लवकर."

"निघा की काका. एवढी वर्षं कुणी पदक दिलंय का?"

दोन वाजता तो काठी घेऊन वर गेला. फोन पिशवीत, पिशवी कपाटाच्या दारावर, कारण राउंडला फोन न्यायचा नाही असा कंपनीचा नियम आणि पहिलवान नियम पाळणारा. सलामी गेटवर होती. एका टेम्पोवाल्याशी तिची जुंपली होती. तासाभराने ती केबिनमध्ये आली, तर पहिलवान नव्हता.

चार वाजता तिने फळीवर काठी टेकवली, बारा वेळा टिक. मग वही ओढली आणि पहिलवानाच्या नावापुढे वेळ लिहिली, चार, आणि त्याची सही केली. तिला खरंच बरं वाटलं. म्हातारा शेवटी माणसांत आला, असं काहीसं मनात आलं तिच्या.

सहा वाजता पुन्हा फळी. पुन्हा बारा टिक. फळीच्या शेजारी पहिलवानाची पिशवी लटकत होती. तिने ती पाहिली. विसरला असेल, म्हणाली.

सोमवारी सकाळी नळाला पाणी येईना म्हणून प्लंबर वर गेला. त्याने टाकीच्या खोलीचं दार बाहेरून उघडलं आणि तो जो धावत खाली आला, तो केबिनमध्ये येऊन जमिनीवरच बसला. पहिलवान आत होता. दाराला पाठ लावून बसलेला, काठी हातात. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, संध्याकाळी, पाच-सहाच्या सुमाराला. दोनपासून तोपर्यंत कुणी दारापर्यंत गेलं असतं तर, असंही त्यांनी म्हणायला सुरुवात केली, पण समोरच्यांचे चेहरे बघून पुढचं गिळलं.

आणि कागद काय म्हणत होता? कागद म्हणत होता, की चार वाजता आणि सहा वाजता, काठी क्रमांक तीन बाराव्या बटणाला टेकली. म्हणजे काठी तीनची गार्ड त्या दारापासून वीतभर अंतरावर उभी होती. दोनदा. आणि सगळं ठीक होतं.

काठी तीन सलामीची होती.

*

सुपरवायझरसाहेबांनी प्रकरण एका दिवसात गुंडाळलं. कपाटाच्या दाराआड काय आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून ते कपाटाकडे बघतच नव्हते. त्यांच्या अहवालात सरळ लिहिलं होतं, की गार्ड क्रमांक दोन, म्हणजे पहिलवान, चार वाजता ड्युटीवरून निघाला आणि नंतर खासगी कारणासाठी, परवानगी न घेता, बंद मजल्यावर गेला.

"खासगी कारण म्हणजे काय, सर?" सलामीने विचारलं.

"मला काय माहीत? लोक म्हणतात प्यायला जात असेल."

"ते चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचे."

"मॅडम," साहेब आवाज उतरवून म्हणाले, "सही कुणी केली ते मी विचारत नाहीये. तुम्हीही काही विचारू नका."

ती घरी गेली. घरी तिची नववीतली लेक होती, अखंड बोलणारी. तिसऱ्या दिवशी लेक बोलायची थांबून म्हणाली, "आई, तू हे काय करतेस?"

"काय?"

"दाराच्या चौकटीला बोट लावतेस. मग फ्रिजला, मग कपाटाला, मग बेसिनला. मोजलं मी. बारा झाले की थांबतेस. आणि मग कान देऊन उभी राहतेस."

सलामीने हात खिशात घातला. गॅस पेटवायचा लायटर टिक करायचा आणि तिच्या हातातली चमचा-वाटी खाली पडायची. घड्याळाचा आवाज नको म्हणून तिने त्याचे सेल काढून ठेवले, तर लेकीची शाळा बुडाली.

दुसऱ्या सोमवारी साहेबांनी छापलेला कागद तिच्या हातात दिला. "भोकं पाडून लावून टाका."

तिने भोकं पाडली. लावता लावता सहज नजर गेली, आणि तिने कागद परत बाहेर ओढला. ओळीवर ओळी होत्या, रविवारच्या, काठी तीनच्या, फळीवरच्या. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत दोन सेकंद, तीन सेकंद. पण त्यांच्यामध्ये एक वेगळाच राउंड घुसला होता. काठी क्रमांक दोन. दोन वाजून पाच मिनिटांनी बटण एक. दोन वाजून आठ मिनिटांनी बटण दोन. असं रमतगमत, जिना चढत. चौथ्या मजल्याचं बटण आणि पाचव्या मजल्याचं बटण यांच्यामध्ये नऊ मिनिटं. शेवटी बारा. त्यानंतर काही नाही. तो राउंड वर गेला होता आणि खाली आला नव्हता.

काठी दोन कपाटाच्या खणात पडून होती. प्लंबरने आणून दिल्या दिवशीच साहेबांनी तिची बॅटरी काढून घेतली होती. कॉम्प्युटरला ती कुणी लावलीही नव्हती.

"मशीन आहे," साहेब म्हणाले. "जुन्या ओळी पुन्हा छापल्या असतील."

"तारीख कालची आहे, सर."

"तारीखही चुकते. तुम्ही वाचता कशाला?"

त्यापुढच्या सोमवारीही तो राउंड होता. तीच नऊ मिनिटं.

त्याच आठवड्यात पहिलवानाची बायको आली. तिला सगळे काकू म्हणायचे. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, बोलण्याआधी समोरच्याकडे नीट बघून घेणारी. कंपनीने युनिफॉर्म परत मागितला होता. काकूने तो धुऊन, इस्त्री करून, एकेक बटण तपासून आणला होता. शर्टाचं एक बटण तुटलं होतं, तिथे तिने नवीन शिवलं होतं.

"तू सलामी ना?" ती म्हणाली. "हे घरी सांगायचे तुझं. मांजराचं."

सलामीला मान वर करवेना.

"वहीतली सही दाखवली मला साहेबांनी. ती यांची नाही. हे शेवटच्या अक्षराला शेपूट काढायचे, मोठी, मांजरासारखी. त्या सहीला शेपूट नाहीये." काकू थांबली. "चारला निघाले म्हणतात, त्या रात्री दीर गेटवर आले तेव्हाही हेच सांगितलं, तर मग घरी का आले नाहीत? शेजारी विचारतात. दीर विचारतात. कुठे जायचे हे, असं विचारतात मला. चाळीस वर्षांच्या संसारात मला कुणी असं विचारलं नव्हतं. तू एवढंच सांग गं, हे कामावर होते की नव्हते?"

"मला माहीत नाही, काकू," सलामी म्हणाली.

काकूने तिच्याकडे पाहिलं. मग युनिफॉर्मची घडी टेबलावर ठेवली आणि त्यावरून एकदा हात फिरवला. "साहेबांनी रविवारी चारला बोलावलंय. कागद आहे म्हणे एक. हे ड्युटीवर नव्हते असा. माझी सही, आणि साक्षीदार म्हणून तुझी."

*

तो रविवार आला. सलामी एकटीच ड्युटीवर होती, कारण पहिलवानाच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं. सकाळपासून तिने कपाट उघडलं नव्हतं. दहाचा राउंड नाही, बाराचा नाही. दुपारी दोनला तिने कपाटाचं दार सताड उघडलं, खुर्ची फळीसमोर ओढली आणि बसली. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर एक मुलगा सायकलची घंटी वाजवत चालला होता. अशा वेळी कुणी घाबरतं का? ती स्वतःशीच म्हणाली. मांजराला सॅल्यूट करणारी बाई तू.

दोन वाजून पाच मिनिटांनी फळीवरचं पहिलं बटण वाजलं. टिक.

दिवा नाही, हात नाही, काठी नाही. फक्त आवाज. तिने खण उघडून पाहिला. काठी दोन जागच्या जागी होती, बॅटरीची पोकळी उघडी.

तीन मिनिटांनी दुसरं. टिक.

ती हलली नाही. हलताच येईना. म्हातारा जिना चढत होता आणि ती समोर बसून ऐकत होती. तिसरं. चौथं. पाचवं. चौथ्या मजल्याचं बटण वाजलं आणि मग शांतता पसरली. ती बाहेरच्या आवाजांसकट सगळं विसरून मोजत राहिली. आता तो बसला. आता गुडघा चोळतोय. आता कबुतरं. नऊ मिनिटांनी पाचव्या मजल्याचं बटण वाजलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, कारण तोपर्यंत तिला कुठेतरी वाटत होतं, की मशीन असेल.

मग बारावं. टिक.

पुढे काही व्हायचं नव्हतं. कागदावर पुढे काही नसायचं. पण बारावं बटण पुन्हा वाजलं. मग पुन्हा. टिक, टिक, टिक, थांबून थांबून, जसं कुणी दार ठोकावं आणि उत्तराची वाट बघावी, आणि पुन्हा ठोकावं.

"आले, काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आले मी."

तिने फळी उचकटली. स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू खिशात भरले. खणातली काठी दोन घेतली, फळी काखेत मारली आणि निघाली. केबिनच्या बाहेर, जुन्या खुणेवर, पहिलं बटण बसवलं. मग पुढचं. भिंतींवर जिथे जिथे बटणं होती तिथे रंगाचे फिकट गोल राहिले होते, आणि प्रत्येक गोलापाशी दोन भोकं. वर्ष झालं होतं ती इथे आली नव्हती. एका कोपऱ्यात पाइप गळत होता आणि खाली कुणीतरी बादली ठेवली होती. पुढच्या मजल्यावर उघड्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. खिडकीची तुटकी काच पुठ्ठ्याने बंद केलेली. सगळीकडे त्याचे हात फिरले होते. त्याने वहीत लिहिलं नव्हतं, बटण टेकवलं नव्हतं, नुसता येऊन काम करून जात होता.

मधल्या वळणावर तिने पायरीकडे पाहिलं. धुळीत एकाच जागी बसल्याची खूण होती. ती तिथे बसली नाही.

सातव्या मजल्यावर बल्ब नव्हता. टाकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, प्लंबरने खाली वीट अडकवून ठेवली होती. तिने दाराच्या आतल्या बाजूला मोबाइलचा उजेड टाकला.

लोखंडावर खड्डे होते. छोटे, गोल, काठीच्या टोकाएवढे. वरच्या बाजूचे छातीच्या उंचीवर, खोल, दणकून मारलेले. मग कमरेच्या उंचीवर. मग गुडघ्याच्या उंचीवर, बसल्या बसल्या मारलेले, उथळ. शेवटचे तर लोखंडाला नुसते ओरखडे होते, जमिनीपासून वीतभर. ती उजेड घेऊन वरून खाली गेली, आणि त्याची सगळी दुपार तिच्या डोळ्यांसमोरून खाली उतरली.

आणि फळीचं त्याला ठाऊक होतं. सगळ्यात वाईट हे होतं. चार वाजता कुणी येणार नाही, सहाला कुणी येणार नाही, खाली एक बाई खुर्चीत बसून बारा टिक करील आणि सगळं ठीक आहे म्हणेल, हे त्या दाराआड बसून त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो ठोकत राहिला.

तिने बारावं बटण बसवलं. एक स्क्रू तीनदा पडला, तीनदा तिने तो धुळीतून शोधला.

*

ती खाली आली तेव्हा चार वाजले होते. साहेब केबिनमध्ये उभे होते, काकू खुर्चीवर बसली होती. टेबलावर कागद, कागदावर पेन. साहेबांची नजर रिकाम्या कपाटाकडे गेली आणि तशीच परत आली.

"या, मॅडम. काकूंना उशीर होतोय. इथे सही करा."

"नाही," सलामी म्हणाली.

"अहो, नुसती साक्षीदाराची आहे."

तिने कागदाऐवजी हजेरीची वही ओढली. तो रविवार काढला. पहिलवानाच्या नावापुढची सही तिने एका रेघेने खोडली आणि शेजारी लिहिलं: 'ही सही मी केली आहे. ते गेले नव्हते. ते ड्युटीवर होते. राउंडला गेले होते. मी गेले नव्हते.' खाली आपलं पूर्ण नाव, काठी क्रमांक तीन.

साहेबांनी वहीवर हात ठेवला. "विचार करा. नोकरी जाईल. तुमची, माझी, सगळ्यांची. आणि हे वाचणार कोण आहे?"

"मी वाचीन," काकू म्हणाली.

मग सलामीने फाइल उघडून काकूला कागद दाखवला. कसे सात मजले अर्ध्या मिनिटात होतात, कसं कुणीही एक नजर टाकली असती तरी कळलं असतं. फळी कुणी बसवली तेही सांगितलं. बोलताना ती कुठे अडली नाही. आता अडण्यासारखं काही उरलंच नव्हतं, फक्त एक गोष्ट सोडून.

"मी फोन केला होता," काकू हळूच म्हणाली. "पावणेआठला. आज यायला उशीर होईल का, हे विचारायला. रिंग जात होती."

"मी ऐकली," सलामी म्हणाली. "पिशवीत वाजत होता. मी काढून बघितला. त्यावर 'घर' असं लिहून आलं होतं. चारला निघालेल्या माणसाला पावणेआठला घरून फोन येतो म्हणजे तो घरी पोचला नाही, हे मला कळलं होतं, काकू. तेव्हाच कळलं होतं."

"मग?"

"मग मी फोन परत पिशवीत ठेवला. म्हटलं, आपल्याला काय."

काकूने तिला शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. ती उठली. "वर घेऊन चल," म्हणाली.

लिफ्ट बंद होती. काकू एकेक पायरी चढत होती, दोन्ही हातांनी कठडा धरून. चौथ्यानंतरच्या वळणावर ती न विचारता त्या पायरीवर बसली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. सलामीने घड्याळाकडे पाहिलं नाही. वर पोचल्यावर काकूने दाराच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवला, वरून खाली, सगळ्यात शेवटच्या ओरखड्यापर्यंत, आणि तिथे खाली बसून हात तसाच ठेवला. बराच वेळ.

उठताना तिला आधार हवा होता. सलामीने काठी दोन पुढे केली. "त्यांची आहे."

"कशी धरायचे?"

"अशी. टोक बटणाला टेकवायचं. पण बॅटरी नाहीये तिच्यात, आवाज येणार नाही."

काकूने काठी बाराव्या बटणाला टेकवली.

टिक.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकूच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तिथे दुसरंच काहीतरी होतं, दारात कुणी उशिरा आल्यावर रागावण्याआधी असतं तसं. "चला," ती म्हणाली, आणि सलामीला कळलं, की हे आपल्याला म्हटलेलं नाही. "चला आता, खूप झालं."

अकरा, दहा, नऊ. काकू पुढे, मागे सलामी, आणि दोघींच्या मध्ये जिन्यावर एवढी जागा सुटलेली, की एक बारीक माणूस सहज मावावा. सलामी ती जागा राखून चालत होती. प्रत्येक बटणाला टिक. वळणावर या वेळी कुणी बसलं नाही.

खाली केबिनबाहेर पहिल्या बटणाला काकूने काठी टेकवली. टिक झालं, आणि त्यानंतर ती काठी पुन्हा कधी वाजली नाही, हे साहेबांनी बॅटरी घालून पाहिल्यावर नंतर कळलं. काकूने हजेरीची वही उचलली, खोडलेल्या सहीशेजारचं सगळं बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पान मिटलं नाही, वही तशीच उघडी काखेत घेतली.

"ती वही कंपनीची आहे," साहेब म्हणाले.

"मग कंपनीला माझ्या घरून घेऊन जायला सांगा," काकू म्हणाली. "शेजाऱ्यांचं आणि दिरांचं वाचून झालं की देईन."

ती गेटकडे निघाली. सलामी तिच्याआधी धावली आणि गेट पूर्ण उघडलं, दोन्ही दारं, एका माणसासाठी कधी उघडत नाहीत तसं. मग ती बाजूला ताठ उभी राहिली आणि तिने सॅल्यूट केला. काकू केव्हाच पुढे निघून गेली होती. सलामीने हात खाली घेतला नाही. मागून कुणीतरी सावकाश येत होतं, गुडघा जपत, आणि त्याला रस्ता ओलांडायला वेळ लागणार होता.